बांचे केस हिरवे झाले तेव्हा

माझ्या नोकरीबद्दल कुणी विचारलं की मी आधी समोरच्याचा चेहरा बघते. चेहरा सोशीक वाटला तर "हीट एक्स्चेंजर बनवत होते" असं सांगते, नाहीतर "इंजिनिअर होते" एवढ्यावर भागवते. बडोद्याच्या मराठी घरांत ओळख करून देताना आपले आजोबा गायकवाड सरकारात कोण होते हे आधी सांगायची पद्धत आहे. माझे आजोबा खजिन्यात कारकून होते. आमच्या घरच्या गप्पांत त्यांना दरवर्षी बढती मिळत गेली आणि आता ते जवळजवळ दिवाण झाले आहेत. अशा माणसाची नात मकरपुऱ्याच्या एका शेडमध्ये पिंपात नळ्या बसवते, हे सांगताना माझ्या आत्याबाई शेवटपर्यंत आवाज बारीक करत.

हीट एक्स्चेंजर म्हणजे काय ते आधीच सांगून टाकते, पुढं लागेल. एक पाणी गरम असतं, एक गार. गरमाची ऊब गाराला द्यायची, पण दोघांना एकमेकांत मिसळू द्यायचं नाही. जुन्या काळच्या मुलगी बघण्याच्या कार्यक्रमासारखंच. भेट व्हायला हवी, पण मधे मोठी माणसं बसलेली हवीत. इथं मोठ्या माणसांचं काम नळ्या करतात. पिंपात नळ्यांची मोळी, नळ्यांच्या आतून एक पाणी, बाहेरून दुसरं. नळी पातळ हवी म्हणजे ऊब पलीकडे जाते आणि चिवट हवी म्हणजे तिला भोक पडत नाही. नळी कुठल्या धातूची घ्यायची हे ठरवणं हे माझं काम. त्यावर मी माझा संसार केला.

आमचा कारखाना छोटा. मालक किरीटभाई. पांढरा सफारी, कपाळावर वैष्णवांचं उभं कुंकू आणि तोंडात कायम "थई जशे," म्हणजे होऊन जाईल. ड्रॉइंग अजून पूर्ण नाही, पत्रा आलेला नाही, वेल्डर गावाला गेलाय, तरी गिऱ्हाइकाला "थई जशे." मग गिऱ्हाईक गेल्यावर माझ्याकडे वळून, "सुलभाबेन, थशे ने?" आमची गिऱ्हाइकं म्हणजे आसपासचे रंगांचे, औषधांचे, खतांचे कारखाने. त्यांचं पाणी इतकं जहाल, की त्यापुढं समुद्र म्हणजे वाळ्याचं सरबत. तिथं कुठला धातू किती दिवस तग धरतो हे मला पाठ होतं.

नव्वदीच्या दशकात देशाची दारं उघडली आणि आमच्या दारात वेगळीच गिऱ्हाइकं येऊ लागली. परवापर्यंत परवाने मागत फिरणारी माणसं परदेशी जाऊन आली आणि तिथल्या हॉटेलांत जे जे बघितलं ते ते घरी बांधायला निघाली. एकानं घरात बर्फाची खोली करता येईल का विचारलं. एक जण जेवणाच्या टेबलाखाली गरम हवा सोडणारी यंत्रणा मागत होता, आणि तीही बडोद्यात, मे महिन्यात. त्याला मी चहा पाजून परत पाठवलं.

हर्षदभाई हे अशांपैकीच. त्यांची प्लॅस्टिकच्या पाइपांची फॅक्टरी होती. छाणी गावाच्या पुढं मोकळ्या जागेत बंगला बांधला आणि मागं पोहण्याचा तलाव. घरात पोहता कुणालाच येत नव्हतं. पण परदेशात त्यांनी मिठाच्या पाण्याचा तलाव बघितला होता. तिथल्या माणसानं सांगितलं, यात डोळे चुरचुरत नाहीत, कातडी मऊ राहते, क्लोरीन विकत आणावा लागत नाही. हे शेवटचं वाक्य हर्षदभाईंच्या मनात घर करून बसलं. मिठाचा तलाव म्हणजे काही समुद्र नव्हे. पाण्यात जेमतेम चव लागेल एवढं मीठ असतं. एक यंत्र त्या पाण्यातून वीज सोडतं आणि त्याच मिठातून क्लोरीन तयार करतं. म्हणजे क्लोरीन असतोच, फक्त घरी केलेला.

एके दिवशी सकाळी कारखान्यात फोन आला. पलीकडे हर्षदभाई. आवाज असा की घरात चोरी झाली असावी.

"बेन, गजब थई गयो. बाना वाळ लीला थई गया."

बा म्हणजे त्यांच्या आई. तलावात उतरून त्यांचे केस हिरवे झाले होते. मी विचारलं, "पाणी गरम करायला काय बसवलंय?" ते म्हणाले, "हीटर." मी म्हटलं, "आत नळ्या कशाच्या आहेत?" ते म्हणाले, "बेन, तुम्ही केस बघायला या, नळ्या नंतर बघू."

गेले. बा पलंगावर तक्क्याला टेकून बसल्या होत्या. सत्तरी उलटलेली, अंगानं किरकोळ, डोक्यावर पदर. मी समोर बसताच त्यांनी तो झटक्यात मागं सारला. कापसासारखे पांढरे केस असणार एरवी. आता कच्च्या कैरीच्या सालीचा रंग चढला होता. मी हसू दाबायचा प्रयत्न केला. बा म्हणाल्या, "हस बेन, हस. सत्संगाच्या बायका रोज दर्शनाला येतात. आल्या की आधी मला बघतात, मग देवाला."

हे झालं होतं तांब्यामुळे. तलावाच्या कंत्राटदारानं तांब्याच्या नळ्यांचा हीटर बसवला होता. साध्या पाण्याला तांब्यासारखा धातू नाही. ऊब झटकन देतं. पण मिठाचं पाणी आणि क्लोरीन यांनी मिळून ते हळूहळू खाल्लं. खाल्लेलं तांबं पाण्यात उतरलं, पायऱ्यांवर हिरवट डाग पडले आणि बांच्या पांढऱ्या केसांना ते पक्क्या रंगासारखं बसलं. हर्षदभाईंच्या केसांना काही झालं नाही, कारण ते पाण्यात उतरतच नसत आणि शिवाय त्यांना केस नव्हते.

मला वाटलं होतं हा सगळा श्रीमंतांचा खेळ. तसं सांगायला मी तोंड उघडणार, तेवढ्यात बांनी माझा हात धरला. मागच्या वर्षी त्या पडल्या होत्या, खुब्याचं हाड मोडलं होतं, आत सळई घातली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, कोमट पाण्यात रोज चाला. पाणी वजन उचलतं, पाय मोकळा होतो. हिवाळ्यात चालणं थांबलं आणि सांधा आखडला तर पुढं फार आशा धरू नका. मुलानं हौसेनं बांधलेला तलाव असा अचानक कामाला आला होता.

"जो बेन," बा म्हणाल्या, "मारे तरवुं नथी. मारे एकली संडास जवुं छे. बस."

खोलीत हर्षदभाई होते, त्यांची बायको हंसाबेन होत्या, बांना धरून नेणारी बाई होती. सगळे इकडंतिकडं बघू लागले. बा मात्र माझ्याकडेच बघत होत्या. मी आजवर शेकडो हीट एक्स्चेंजर केले, टनांनी वाफ इकडची तिकडं केली, पण पोहायचं नाही, एकटीनं संडासला जायचंय, इतक्या स्वच्छ शब्दांत गिऱ्हाइकानं काम कधी सांगितलं नव्हतं. माझं हसू तिथंच गेलं.

मग व्हरांड्यात बैठक बसली. हर्षदभाईंचा आग्रह स्टीलचा. "स्टीलमां करी आपो ने, बेन. घरनुं ज काम छे." घरचं काम असलं की स्वस्तात व्हावं, हा आमच्याकडचा नियमच. मी सांगितलं, स्टेनलेस स्टील चकचकीत दिसतं, पण मिठाच्या कोमट पाण्यात त्याला टाचणीएवढं भोक पडतं. बाहेरून काही कळत नाही. एक दिवस नळीपलीकडचं, बॉयलरचं गरम पाणी तलावात आणि तलावाचं बॉयलरमध्ये. मग त्यांनी कुठंतरी ऐकलेलं क्युप्रोनिकल काढलं. ते तांबं आणि निकेल यांचं मिश्रण, बोटींवर चालतं. मी म्हटलं, बोटीवर कुणाची आई केस धूत नाही. त्यातही तांबंच आहे. थोडं उशिरा उतरेल, पण उतरेल. राहिलं टायटॅनियम. मिठाचं पाणी असो, क्लोरीन असो, ते ढिम्म हलत नाही. फक्त महाग, आणि वेल्डिंगचे नखरे फार.

किंमत ऐकून हर्षदभाई खुर्चीत खाली सरकले. आतून बांचा आवाज आला, "जे कटाय नहीं ए लाव, हर्षद." जे गंजत नाही ते आण. आणि खरेदी झाली.

टायटॅनियमचे नखरे म्हणजे काय, ते आमच्या किरीटभाईंनी फार छान सांगितलं होतं. वेल्डिंग करताना त्याला हवा लागता कामा नये, म्हणून आरगॉन वायूचं पांघरूण धरावं लागतं. जोड रुपेरी आला तर पास, निळा झाला तर तोडून पुन्हा. लोखंडाचा कण चिकटता कामा नये, तेलकट हात लागता कामा नये. म्हणून शेडच्या कोपऱ्यात वेगळी खोली केली होती. तिथं बाहेरची चप्पल चालत नसे, लोखंडाला लावलेला ब्रश चालत नसे, आणि हात धुतल्याशिवाय कुणी नळीला शिवत नसे. वैष्णव हवेलीत, म्हणजे त्यांच्या देवळात, ठाकूरजींच्या सेवेला असंच सोवळं लागतं, म्हणून किरीटभाईंनी त्या खोलीचं नावच हवेली ठेवलं. फक्त ते स्वतः तिथं बूट घालून घुसायचे. देवापुढं अनवाणी जाणारा हा माणूस टायटॅनियमपुढं बूट काढायला तयार नसे. मी दारातच अडवायची. "मालिक हुं छुं, बेन," असं म्हणत ते बाहेरूनच दर्शन घेत.

एक्स्चेंजर सुरेख झाला. मी स्वतः उभं राहून बसवून घेतला. कंत्राटदारानं क्लोरीन करणारं यंत्र हीटरच्या आधी लावलं होतं, म्हणजे ताजा जहाल क्लोरीन थेट नळ्यांवर. ते उचलून मी हीटरच्या नंतर बसवलं. सगळं पाणी बदललं, डाग घासले. हर्षदभाईंना, हंसाबेनना, बागेत काम करता करता तलाव सांभाळणाऱ्या माळ्याला, सगळ्यांना बसवून विचारलं, पाण्यात अजून कुठं काही धातू आहे का? शिडी, जाळी, झाकण, काहीही? सगळ्यांनी नाही म्हणून सांगितलं. बा कोमट पाण्यात उतरल्या, कठड्याला धरून चालू लागल्या. परत येताना मी इतकी खूश होते की निझामपुऱ्यात स्कूटर थांबवून एकटीनं शेव-उसळ खाल्ली.

उत्तरायणाच्या आधी, ऐन थंडीत, पुन्हा फोन. पायऱ्यांवर हिरवं. बांच्या केसांवर पुन्हा हिरवी झाक.

मी हादरले. टायटॅनियमनं रंग सोडला हे म्हणजे आमच्या आत्याबाईंनी चूक कबूल केली असं म्हणण्यासारखं होतं. जुना कंत्राटदार गावभर सांगू लागला, बाईमाणसाला मशिनरी कळते का. किरीटभाई म्हणाले, "बेन, आपणुं नाक कपायुं." रिफायनरीत नोकरीला असलेले माझे यजमान जेवताना म्हणाले, "तुझ्या विक्रेत्यानं तांब्यावर मुलामा तर दिला नाही ना?" त्या दिवशी त्यांना आमटी दुसऱ्यांदा वाढली नाही.

पण खरी काळजी वेगळी होती. बांनी पाण्यात उतरणं बंद केलं होतं. केसांसाठी नाही, हंसाबेननी उतरू दिलं नाही. या पाण्याला दोष आहे असं घरात ठरलं होतं. मी गेले तेव्हा बा त्यांना धरून नेणाऱ्या बाईच्या खांद्यावर भार टाकून पाऊल उचलत होत्या आणि पाय पुन्हा ताठ पडत होता. मला बघून त्यांनी नुसती मान हलवली. मला फार अपराधी वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला, कारण माझं काम बरोबर होतं हे मला माहीत होतं.

पाण्याचा नमुना ओळखीच्या प्रयोगशाळेत दिला. उत्तर आलं, तांबं. एक्स्चेंजर उघडला. नळ्या बसवल्या दिवशी होत्या तशा, नव्या नवरीसारख्या. पाइप प्लॅस्टिकचे, हर्षदभाईंच्याच फॅक्टरीतले. पंपाला आतून प्लॅस्टिक. मी तलावाभोवती वेड्यासारखी फिरत होते. माळी ॲसिडचा कॅन घेऊन आला. मिठाच्या तलावात अधूनमधून थोडं ॲसिड घालावं लागतं, ते तो पंपाच्या खोलीतल्या टाकीत ओततो हे मला ठाऊक होतं. तलावातून सांडलेलं पाणी त्या टाकीतून फिरून परत जातं. त्यानं टाकीचं झाकण उचललं, चप्पल काढली, आत बघून हात जोडले, डोळे मिटून काहीतरी पुटपुटला आणि मग ॲसिड ओतलं.

मी म्हटलं, "काका, नमस्कार कोणाला केलात?"

"कळशने, बेन."

टाकीच्या तळाशी लाल कापड होतं. ते काढायला लावलं. खाली एक तांब्याचा कलश, त्याचा काठ खाऊन खाऊन जाळीदार झालेला. त्याच्या शेजारी दुसरा, मोठा, नवा. त्याच्या शेजारी तिसरा, त्याहून मोठा. भोवती तांब्याची जुनी नाणी.

हंसाबेननी सगळं सांगितलं. नवी विहीर खणली की पाण्यात कलश ठेवतात, म्हणून तलाव झाला तेव्हा गोर महाराजांनी, म्हणजे त्यांच्या भटजींनी, पहिला ठेवला. केस हिरवे झाल्यावर महाराज म्हणाले, जलदेवता रुसली आहे, शांत करायला हवी. म्हणून दुसरा. मी पाणी बदललं तेव्हा नव्या पाण्यासाठी तिसरा. पाणी जितकं हिरवं, तितकं तांबं जास्त. तांबं जितकं जास्त, तितकं पाणी हिरवं. पहिला हीटर काही निर्दोष नव्हता, पण त्याला हे साथीदार होते, आणि तो पकडला गेल्यावरही ते मोकळेच होते.

"मी विचारलं होतं ना, पाण्यात कुठं धातू आहे का?" मी जवळजवळ ओरडलेच.

हंसाबेननी माझ्याकडं नवलानं बघितलं. त्या खोटं बोलल्या नव्हत्या. कुणीच बोललं नव्हतं. कलश म्हणजे धातू, असं त्या घरात कुणाच्या मनातच आलं नव्हतं. इतकी वर्षं मी प्रत्येक वस्तूकडे ती कशाची आहे म्हणून बघत आले; ती कुणाची आहे असा प्रश्न मला कधी पडला नाही.

आता कलश काढायचा कसा? हंसाबेन रडायला लागल्या. हर्षदभाई म्हणाले, "बेन, नळ्या बदला, पण कलश राहू द्या." गोर महाराजांना बोलावणं गेलं. महाराज माझ्याहून तरुण, मोटारसायकलवरून आले. मी त्यांना रसायनशास्त्र समजावलं, त्यांनी मला वरुणदेव. दोघांचंही एकमेकांनी ऐकलं नाही. शेवटी मी म्हटलं, "महाराज, कलश राहील. फक्त टायटॅनियमचा करून देते."

"शास्त्रामध्ये तांब्याचा सांगितलाय."

"तांब्यापेक्षा किती तरी महाग असतं हे."

महाराजांनी क्षणभर विचार केला. "उत्तम धातूला शास्त्राची ना नाही," ते म्हणाले.

उरलेल्या पत्र्यातून कलश करायला किरीटभाई स्वतः हवेलीत आले. दाराशी थांबले, माझ्याकडे न बघता बूट काढले, पाय धुतले आणि मग आत पाऊल टाकलं. दिवसभर वेल्डरच्या डोक्याशी उभे होते. जोड असा रुपेरी आला की औषध कंपनीच्या तपासनिसालाही बोट ठेवायला जागा मिळाली नसती. तसा कलश बडोद्यात दुसरा नसेल. महाराजांनी मंत्र म्हणून तांब्याचे कलश आणि नाणी बाहेर काढली आणि तो टाकीत सोडला, माळ्यानं नमस्कार करून ॲसिड ओतलं. मी पण हात जोडले. कशाला जोडले ते मला सांगता येणार नाही, पण जोडले.

पाणी स्वच्छ झालं. बा पुन्हा उतरल्या. आखडलेला पाय पुन्हा मोकळा करताना त्यांना किती दुखलं असेल ते त्यांनी सांगितलं नाही. मी अधूनमधून पाणी तपासायच्या निमित्तानं जायची आणि कठड्यावर बसायची. कारखान्यांसाठी केलेले माझे एक्स्चेंजर कुठल्या तरी भिंतीआड जाऊन बसत. ते कुणाच्या उपयोगी पडले हे मी कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. इथं ती ऊब एका म्हाताऱ्या बाईच्या हाडात शिरताना दिसत होती. याचं मला वाईटही वाटतं. माझं काम ज्याच्या उपयोगी पडलं ते माणूस भेटायला मला नोकरीची अर्धी वर्षं घालवावी लागली.

होळीनंतर एकदा गेले. बा दिवाणखान्यात बसल्या होत्या, पांढरेशुभ्र केस, हातात काठी. हर्षदभाई मला तलावावर अजून कारंजी बसवता येतील का ते विचारत होते. बोलता बोलता बा उठल्या. सवयीनं त्यांना धरून नेणारी बाईही उठली. बांनी तिला काठीनंच खाली बसवलं आणि हळूहळू, भिंतीला हात न लावता, पॅसेजमधून गेल्या. हर्षदभाई कारंजी विसरून मागोमाग धावले आणि बंद दाराबाहेर उभे राहिले.

"बा, कडी ना मारता, हं!"

आतून कडी सरकल्याचा खणखणीत आवाज आला.

"मारी दीधी," बा म्हणाल्या. "तुं जा."